कखडीचे शेत आणि वतनाची जमीन

गगनबावडा हे बावडेकर पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे. ती जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अधीन होती. जमीन एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकविण्याची व्यवस्था म्हणजे जहागीर, इनाम आणि वतन. परंतु टिकणे आणि सुरक्षित असणे एकच नव्हे, असे आमचे मत आहे. याची साक्ष अमात्यांच्या दप्तरापेक्षा कितीतरी जुन्या अशा नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत मिळते.

गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राजवर्ष १८ मध्ये पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने शेत तेथील भिक्षूंना दिले. पूर्वी हे शेत उषवदाताच्या ताब्यात होते. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास राजाज्ञा झाली की, या शेतात सैनिकांनी शिरू नये, राजपुरुषांनी हात लावू नये, मिठासाठी खणू नये. म्हणजे शेताचे रक्षण करावयाचे ते राजाच्याच माणसांपासून! तथापि राजवर्ष २४ चा दुसरा लेख आम्हांस अधिक बोलका वाटतो. कखडीचे शेत कसले जात नाही, गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय शेतापैकी १०० निवर्तने देण्यात आली. शासनपत्र शिळेवर कोरलेले होते. कसणाराच उरला नव्हता.

महार वतनाची गोष्ट याच्या नेमकी उलट. तेथे कसणारा होता, पण तो मोकळा नव्हता. १८७४ च्या वतन कायद्याने जमीन वतनाबाहेर जाऊ दिली नाही. मात्र तिच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणूक मानेवर बसली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली. जमिनी वतनदारांस पुन्हा देण्यात आल्या, त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतर न करण्याच्या अटीवर.

ही अट म्हणजे वतनाचेच शेपूट, असे काही बंधू म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. राबणूक गेली आणि विक्रीवरचा पहारा तेवढा राहिला. गगनबावडा तालुक्यात ज्यांच्या सातबारावर अशी नोंद असेल, त्यांनी विसारपावतीवर अंगठा उठविण्यापूर्वी पुनर्प्रदानाचा आदेश आणि जुने फेरफार तलाठ्याकडून काढून वाचावेत.