लॉन ट्रॅक्टर

लॉन ट्रॅक्टर हे चालकाने आसनावर बसून चालवायचे, हिरवळ कापण्याचे लहान चारचाकी यंत्र आहे. त्याच्या पोटाखाली पोलादी कवचात आडवी फिरणारी धारदार पाती असतात. मोठी घरगुती अंगणे, शाळा-महाविद्यालयांचे परिसर, उद्याने व क्रीडांगणे यांवरील गवत कापण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील उपनगरांत हे यंत्र विशेष प्रचलित आहे. शेतीच्या ट्रॅक्टरशी त्याचे बाह्य साम्य असले, तरी नांगरणी किंवा जड ओढकाम यांसाठी ते बनवलेले नसते.

आकाराने लहान व चालवण्यास सोपे असल्यामुळे हे यंत्र निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात २०० किलोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक वजन, अतिवेगाने फिरणारी पाती आणि चालकाच्या पाठीमागील न दिसणारी जागा या तीन गोष्टींमुळे ते गंभीर अपघातांना कारण ठरू शकते. सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या तीन गोष्टींतूनच निघालेले आहेत.

इतिहास

गवत कापण्याच्या यंत्राचा पहिला पेटंट इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यांना १८३० मध्ये मिळाला. कापड गिरणीत लोकरी कापडावरील तंतू समपातळीत कापणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांचे यंत्र माणसाने ढकलायचे होते. पुढे मोठ्या हिरवळींसाठी घोड्याने ओढायची यंत्रे आली. खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर चालणारी यंत्रे निघाली. इप्सविच येथील रॅन्सम्स या कंपनीने १९०२ मध्ये पेट्रोल इंजिनावरील यंत्र विक्रीस आणले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे झपाट्याने वाढली आणि प्रत्येक घराभोवती हिरवळ राखण्याची रीत रूढ झाली. या मागणीतून बसून चालवायच्या यंत्रांचा मोठा बाजार उभा राहिला. शेतीची अवजारे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणि जॉन डिअरने १९६३ मध्ये ‘११०’ हे छोटे ट्रॅक्टर बाजारात आणले. बॅटरीवर चालणारी यंत्रेही उपलब्ध आहेत.

प्रकार

बसून चालवायच्या यंत्रांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. मागे इंजिन असलेले लहान यंत्र मर्यादित जागेसाठी असते. लॉन ट्रॅक्टरमध्ये इंजिन पुढे व पाती मध्यभागी असतात. गार्डन ट्रॅक्टरचा सांगाडा अधिक भक्कम असून त्याला बर्फ सारणे, माती ओढणे अशा कामांची जोड-अवजारे लावता येतात. झीरो-टर्न यंत्राची मागची दोन चाके स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे ते जागच्या जागी वळते; मात्र त्याची पुढची चाके कपाटाच्या चाकांसारखी मोकळी फिरणारी असल्याने उतारावर मागच्या चाकांची पकड सुटली, तर दिशेवरील ताबाही सुटतो.

रचना व कार्य

घरगुती लॉन ट्रॅक्टरला सामान्यतः एक किंवा दोन सिलिंडरचे चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असते. इंजिनाची गती रबरी पट्ट्यांच्या साहाय्याने एकीकडे चाकांकडे व दुसरीकडे पात्यांकडे नेली जाते. जुन्या यंत्रांत गिअर बदलावे लागत. आता बहुतेक ठिकाणी तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक यंत्रणा असते व वेग पायाच्या पेडलने कमी-जास्त करता येतो.

पात्यांवरील कवचाला डेक म्हणतात. घरगुती यंत्रात त्याची रुंदी साधारणपणे ४२ इंचांच्या आसपास असून त्यात दोन किंवा तीन पाती बसवलेली असतात. पात्याच्या टोकाजवळचा भाग मागील बाजूस वर वळवलेला असतो. त्यामुळे हवेचा प्रवाह निर्माण होऊन गवत उभे राहते, कापले जाते आणि बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जाते. अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटरपेक्षा अधिक असू नये. वेग या मर्यादेत असला, तरी पात्याच्या कक्षेत आलेला खडा किंवा तारेचा तुकडा दूरवर इजा करू शकतो. म्हणूनच बाहेर फेकण्याच्या तोंडावर खाली वळणारी झडप बसवलेली असते.

अंगभूत सुरक्षा-व्यवस्था

आसनाखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालक उठला, की इंजिन किंवा पाती बंद होतात. ब्रेक दाबल्याशिवाय व पाती विलग केल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. यंत्र मागे घेताना पाती आपोआप थांबवणारी व्यवस्थाही २००० नंतरच्या दशकात अमेरिकी मानकात आली.

अमेरिकेत १९८२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार ढकलायच्या यंत्राची मूठ सोडल्यावर पाते ३ सेकंदांत थांबणे सक्तीचे आहे. बसून चालवायची यंत्रे या सक्तीच्या नियमात येत नाहीत. त्यांच्यासाठी उद्योगाने स्वीकारलेले ऐच्छिक मानक आहे. इंजिन बंद केल्यावरही पाती काही क्षण फिरत राहतात, हे चालकाने ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

आसन हलके असल्यास किंवा खडबडीत जमिनीवर यंत्र उसळल्यास इंजिन मध्येच बंद पडते. या त्रासाला कंटाळून काही चालक आसनाखालच्या स्विचच्या तारा परस्पर जोडून तो निकामी करतात. असे केल्यास चालक पडल्यावरही पाती फिरत राहतात. इंजिन बंद पडण्याचे मूळ कारण, उदाहरणार्थ सैल झालेली जोडणी किंवा झिजलेला स्विच, शोधून दुरुस्त करणे हाच योग्य उपाय होय.

सुरक्षित वापर

पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण जागा पायी फिरून पाहावी. दगड, तारा, फांद्या, खेळणी व पाण्याचे पाइप उचलावेत. झाकलेले खड्डे, झाडांचे बुंधे व पाणीपुरवठ्याची तोंडे यांच्या जागा लक्षात ठेवाव्यात. टणक तळव्याचे बंद बूट, लांब विजार व संरक्षक चष्मा वापरावा. अशा यंत्रांचा आवाज चालकाच्या कानाशी ८५ डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कर्णरक्षकही आवश्यक ठरतात. ओल्या गवतावर चाके घसरतात व कापलेले गवत डेकमध्ये चिकटते. त्यामुळे गवत सुकल्यावरच काम करावे.

उतार

यंत्र उलटणे हे जीवघेण्या अपघातांचे एक प्रमुख कारण आहे. बहुतेक उत्पादक १५ अंशांपेक्षा अधिक उतारावर यंत्र चालवू नये असे सांगतात. १० फूट आडव्या अंतरात सुमारे २.७ फूट चढ असल्यास उतार १५ अंशांचा होतो. डोळ्यांना हा उतार फारसा तीव्र वाटत नाही, म्हणून अनेक पुस्तिकांत उतार मोजण्याचा कागदी कोन दिलेला असतो.

लॉन ट्रॅक्टर उतारावर वर-खाली चालवावा, आडवा नाही. आडव्या दिशेने जाताना तो कुशीवर उलटण्याचा धोका असतो. ढकलायच्या यंत्राबाबत नियम नेमका उलटा आहे. ते उतारावर आडवे चालवतात, कारण वर-खाली चालवताना माणूस घसरला तर पाय पात्यांखाली जाण्याची भीती असते. झीरो-टर्न यंत्रासाठी त्याच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात.

उतारावर एकदम थांबणे, एकदम निघणे किंवा तीव्र वळण घेणे टाळावे. उतरताना यंत्र न्यूट्रलमध्ये सोडू नये. चढ चढता येत नसल्यास पाती बंद करून सावकाश सरळ मागे उतरावे. यंत्र कलू लागल्यास जमिनीवर पाय टेकून त्याला सावरण्याचा प्रयत्न कधीही करू नये. गवत साठवण्याची पिशवी मागे लावली असता तोल बदलतो. नाला, तळे, बांध किंवा भिंतीची कड यांजवळचा पट्टा मोकळा सोडून तेथील गवत हातयंत्राने कापावे, कारण कड अचानक ढासळू शकते. उलटण्यापासून संरक्षण देणारी कमान असलेल्या यंत्रात कमान उभी असताना आसनपट्टा बांधावा. कमान दुमडलेली असल्यास तो बांधू नये.

मुले

बालकांच्या अपघातांत यंत्र मागे घेताना झालेल्या घटना विशेष हृदयद्रावक असतात. इंजिनाच्या आवाजात मुलाची हाक किंवा पावले ऐकू येत नाहीत, आणि चालकाच्या पाठीमागे, चाकांलगत उभे असलेले लहान मूल दिसत नाही. बऱ्याच घटनांत चालक हा मुलाचा वडील, आजोबा किंवा जवळचा नातेवाईक असतो.

पाती बंद ठेवूनही मुलांना यंत्रावर फेरी मारू नये, असे सुरक्षा-पुस्तिका आग्रहाने सांगतात. त्यामागचे कारण फेरीच्या वेळी पडण्यापुरते मर्यादित नाही. एकदा फेरीची गोडी लागलेले मूल पुढच्या वेळी आवाज ऐकताच धावत येते आणि अनपेक्षितपणे यंत्राच्या मागे किंवा बाजूला उभे राहते. कौतुकाने घडवलेली एक फेरी अशा रीतीने पुढील अपघाताचे बीज ठरू शकते.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार १६ वर्षांखालील मुलांनी बसून चालवायचे यंत्र चालवू नये. गवत कापले जात असताना लहान मुलांना घरात, जबाबदार मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवावे. चालक स्वतः मुलांवर लक्ष ठेवू शकेल असे गृहीत धरू नये. मूल आवारात आल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. मागे घेणे अपरिहार्य असल्यास पाती थांबवून, खाली व मागे पाहून, तसेच पाहत राहून यंत्र हलवावे.

इंधन व आग

पेट्रोल नेहमी उघड्या हवेत, इंजिन बंद करून व थंड झाल्यावर भरावे. पेट्रोलचा डबा वाहनात ठेवलेला असताना भरू नये; प्लॅस्टिकच्या अस्तरावर साचलेल्या स्थिर विद्युतभाराने ठिणगी पडू शकते. डबा जमिनीवर ठेवूनच भरावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साठतो. सायलेन्सरभोवती साचलेले वाळके गवत पेट घेऊ शकते, म्हणून ते वरचेवर काढावे आणि यंत्र थंड झाल्यावरच आत ठेवावे.

देखभाल

डेकखाली हात घालण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा: यंत्र सपाट जागी उभे करणे, पाती विलग करणे, पार्किंग ब्रेक लावणे, इंजिन बंद करून किल्ली काढणे, सर्व भाग थांबेपर्यंत वाट पाहणे आणि स्पार्क प्लगची तार काढून दूर ठेवणे. गवत अडकले म्हणून इंजिन चालू असताना तोंडात हात घालणे हे बोटे गमावण्याचे एक नेहमीचे कारण आहे. यंत्र केवळ जॅकच्या आधारावर उचलून त्याखाली काम करू नये. भक्कम टेकू द्यावेत.

कालावधी यंत्रागणिक बदलतो; तो उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावा. सर्वसाधारण वेळापत्रक असे असते:

• प्रत्येक वापरापूर्वी: इंजिन तेलाची पातळी, टायरमधील हवा, सैल नटबोल्ट, झडप व सुरक्षा-स्विच तपासणे.
• प्रत्येक वापरानंतर: डेक, इंजिनाच्या थंडाव्याच्या पट्ट्या व सायलेन्सर यांवरील गवत झाडणे.
• सुमारे २५ तासांच्या कामानंतर: एअर फिल्टर साफ करणे, पात्यांची धार पाहणे.
• सुमारे ५० तासांनी किंवा हंगामात एकदा: इंजिन तेल बदलणे. नव्या इंजिनाचा पहिला तेलबदल याहून बराच लवकर करतात.
• वर्षातून एकदा: स्पार्क प्लग व एअर फिल्टर बदलणे, पट्ट्यांना पडलेल्या चिरा पाहणे, बॅटरीची टोके स्वच्छ करणे.

बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. फाटलेली टोके दोन-तीन दिवसांत तपकिरी पडतात आणि हिरवळ निस्तेज दिसते. पात्याला धार लावताना दोन्ही टोकांकडून सारखाच धातू घासला पाहिजे. धार लावल्यावर मधले छिद्र खिळ्यावर अडकवून पाते आडवे धरावे. एक बाजू खाली झुकल्यास ती जड आहे असे समजून थोडी घासावी. असंतुलित पात्यामुळे कंप निर्माण होऊन बेअरिंग झिजते. वाकलेले किंवा तडा गेलेले पाते सरळ करू वा जोडू नये, बदलावे.

दोन बाजूंच्या टायरमधील हवा असमान असल्यास डेक तिरका होतो व हिरवळीवर पायऱ्या दिसतात. म्हणून डेकची पातळी तपासण्यापूर्वी हवा पाहावी. डेकची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवण्याची पद्धत आहे. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये. त्यामुळे गवताची मुळे व यंत्र दोहोंवरील ताण कमी होतो.

हिवाळी साठवण

थंड प्रदेशांत यंत्र अनेक महिने बंद असते. पेट्रोल महिन्याभरात खराब होऊ लागते व त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये साचतो. यासाठी ताज्या पेट्रोलमध्ये स्थिरकारक द्रव मिसळून इंजिन काही मिनिटे चालवतात, किंवा टाकी रिकामी करतात. अशा लहान इंजिनांत १० टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल सहसा वापरू नये. बॅटरी पूर्ण भारित करून कोरड्या जागी ठेवावी आणि डेकची खालची बाजू खरवडून कोरडी करावी. ओले गवत पोलाद गंजवते.

भारतातील वापर

भारतात घरगुती हिरवळ सहसा लहान असल्याने ढकलायची यंत्रे व खांद्याला अडकवायचे ब्रश कटर अधिक वापरात आहेत. बसून चालवायची यंत्रे मुख्यतः गोल्फ मैदाने, क्रीडांगणे व मोठ्या संस्थांच्या आवारांत दिसतात. क्रिकेटच्या मैदानांवर फार आखूड व समतल कापणीसाठी आडव्या पात्यांऐवजी दंडगोलाकार पात्यांची यंत्रे वापरतात. शेतीच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलांना बसवण्याची ग्रामीण भागातील सवय आणि लॉन ट्रॅक्टरवरील फेरी यांतील धोका एकाच स्वरूपाचा आहे: एका आसनाच्या यंत्रावर दुसऱ्या माणसासाठी सुरक्षित जागा नसते.

हे सुद्धा पाहा

• ट्रॅक्टर
• हिरवळ
• अंतर्ज्वलन इंजिन
• रोटाव्हेटर