ओव्हन चालू आहे, पण माल आतून कच्चा. कर्जत-खालापूरच्या किचनमध्ये बिघाड शोधायचा कसा?

कर्जत म्हटलं की स्टेशनवरचा वडापाव आठवतो आणि खालापूर म्हटलं की एक्स्प्रेस वेचा टोलनाका. पण आता या दोन्ही तालुक्यांत फार्महाऊस आणि रिसॉर्टही भरपूर आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी येते आणि पिझ्झापासून रोस्ट चिकनपर्यंत सगळं मागते. त्यामुळे बेकरीत असतो तसा मोठा ओव्हन इथल्या हॉटेलांच्या किचनमध्येही लागतो.

आणि नेमकी गर्दीच्या दिवशी तक्रार येते. ओव्हनवर १८० आकडा दिसतोय, पंखा फिरतोय, पण पाव पांढराच आणि चिकन आतून कच्चं. मग आचारी नॉब आणखी वर फिरवतो. बाहेरून माल करपतो, आतून तसाच राहतो.

यात नुसती चव बिघडत नाही. चिकन मध्यभागी किमान ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं पाहिजे. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. अर्धवट तापणाऱ्या ओव्हनमध्ये अन्न नेमकं याच पट्ट्यात जास्त वेळ राहतं.

मग बिघाड शोधायचा कुठून? क्रम सोपा आहे.

१. आधी खरं तापमान मोजा

डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे सेन्सर जिथे बसवलाय तिथलं तापमान. ते आणि ट्रेजवळचं तापमान एकच असेल असं नाही. त्यामुळे ओव्हनचा वेगळा थर्मामीटर मधल्या ट्रेवर ठेवा, ओव्हन रिकामा तापवा आणि हीटिंगचा दिवा तीन-चार वेळा लागून विझेपर्यंत थांबा. मग आकडा बघा.

सेटिंग १८० आणि आत कायम १५० असेल, तर सेन्सर किंवा थर्मोस्टॅट चुकतोय. दिवा विझतच नसेल आणि तापमानही चढत नसेल, तर उष्णता कमी तयार होतेय किंवा बाहेर निघून जातेय.

२. दार आणि ट्रे तपासा

यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली, तर तिथलं रबर गेलंय. चारही बाजूंना असं करून बघा.

पंख्याच्या ओव्हनमध्ये ट्रे एकमेकांना आणि भिंतीला चिकटून ठेवले की गरम हवा फिरत नाही. फ्रीजरमधला गार माल एकदम भरला तरी तापमान खाली येतं. हा बिघाड नाही, पण दिसतो बिघाडासारखाच.

३. इलेक्ट्रिक ओव्हन असेल तर व्होल्टेज बघा

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज जायला लागली. पण वीजकेंद्र शेजारी आहे म्हणून किचनमध्ये व्होल्टेज पुरेसं मिळेलच असं नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरवर आसपासचे एसी, गिझर आणि पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज उतरतं.

कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला ९ किलोवॅट देणारा ओव्हन २०० व्होल्टला जेमतेम ६.८ किलोवॅट देतो. म्हणजे व्होल्टेज १३ टक्के कमी झालं, की उष्णता जवळपास २४ टक्के कमी होते.

थ्री फेज ओव्हनमध्ये एक फेज गेला तर कॉइलच्या तीन गटांपैकी एक बंद पडू शकतो. दिवे लागतात, पंखाही फिरतो, पण ओव्हन तापायला खूप वेळ घेतो. इलेक्ट्रिशियनला सांगून ओव्हन पूर्ण चालू असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ते साधारण २३० आणि दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ यायला हवं. पुरवठ्यातच खोट असेल तर महावितरणकडे तक्रार करा. वीज तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

४. पावसाळ्यातला खास त्रास

माथेरान आणि बोरघाटाच्या पायथ्याला पावसाळ्यात हवा दमट असते. त्यात ओव्हन सोमवार ते गुरुवार बंद असेल, तर कॉइलच्या आत भरलेली पांढरी पावडर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, ओलावा शोषते. शुक्रवारी बटण दाबलं की ईएलसीबी पडतो.

अशा वेळी ईएलसीबी काढून थेट जोडणी करणं म्हणजे शॉकला आमंत्रण. इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन तपासून कॉइल वाळवून घेतली की बऱ्याचदा काम होतं. ओव्हन आठवड्यात मधे एकदा तापवून ठेवला तर हा त्रास कमी होतो.

५. कॉइल, थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टर

हे काम मेन स्विच बंद करून, जाणकारानेच करायचं. ३ किलोवॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर साधारण १७ ते १८ ओहम येतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली आहे.

कॉइल ठीक असेल तर सेन्सर त्याच्या क्लिपमधून निसटलाय का, त्यावर तेलाचा थर बसलाय का ते बघा. कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळले असतील तर वीज कॉइलपर्यंत पोचत नाही. सेफ्टी कटआउट वारंवार पडत असेल तर कारण शोधा, त्याला वायर लावून बायपास करू नका.

६. गॅसचा ओव्हन असेल तर

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी आणि काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय किंवा जेट चुकीचा आहे. मुंबईत पाइप गॅसवर चाललेला जुना ओव्हन आणून सिलिंडरला जोडला, तर जेट आणि गॅसचा दाब दोन्ही बदलून घ्यावे लागतात.

नॉब सोडला की ज्योत विझत असेल, तर बर्नरजवळच्या थर्मोकपलचं टोक काजळलंय का ते तपासा. आणि १९ किलोच्या एकाच सिलिंडरवर मोठा ओव्हन तासन्‌तास चालवला, तर सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव किंवा बर्फ धरतो आणि दाब उतरतो. त्यावर गरम पाणी ओतणं किंवा शेगडी जवळ नेणं अत्यंत धोक्याचं आहे. उपाय म्हणजे एजन्सीकडून दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घेणं.

कधी हात लावायचा नाही?

गॅसचा वास आला तर ओव्हन सोडा. कुठलंही बटण चालू-बंद न करता सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १९०६ ला फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वायर जळल्याचा वास किंवा बॉडीला झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ओव्हनला हात लावू नका.

मेकॅनिकला बोलावण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: सेटिंग किती होतं, आत खरं तापमान किती आलं, तेव्हा व्होल्टेज किती होतं आणि त्रास दिवसाच्या कुठल्या वेळी होतो. मेकॅनिक पनवेल किंवा पुण्याहून येणार असेल, तर या चार ओळी फोनवर सांगितल्या की तो बहुधा नेमका पार्ट सोबत घेऊनच निघेल. नाहीतर पहिली फेरी नुसती बघण्यात जाते आणि शनिवारच्या ऑर्डर तशाच अडकून पडतात.