अधूनमधून ताकद जाणे (जुन्या मोटारीतील दोषनिदान)

चालत्या गाडीची ओढ एकाएकी कमी होते आणि काही वेळाने, कोणी हात न लावता, पूर्ववत येते, असा हा दोष. 'गाडी मिसिंग मारते', 'पिकअप सोडते' अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये पोचतो तेव्हा गाडी नीट चालत असते. म्हणून निदानाचा खरा आधार दोषाच्या वेळची परिस्थिती हाच: इंजिन गार होते की तापलेले, चढ होता की सपाटी, टाकी किती भरलेली होती, पाऊस होता का. हे न विचारता प्लग, कॉइल, कार्बोरेटर किट एकामागून एक बदलत जाणे हा सर्वांत महागडा आणि दुर्दैवाने सर्वांत रूढ मार्ग आहे.

पुण्यात हा दोष मुख्यतः प्रीमियर पद्मिनी (1,089 घ.सेंमी.) आणि 1983 साली आलेली मारुती 800 (796 घ.सेंमी.) यांच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत दिसतो. सिग्नल ते सिग्नल धावताना इंजिनावर सलग भार येत नाही, त्यामुळे शहरात तो लपून राहतो. दिवे घाट, जुना कात्रज घाट किंवा सिंहगडाची चढण लागली की उघडा पडतो.

पहिला प्रश्न ताकद कशी गेली हा. करंट तुटला तर इंजिन एकदम, बटण बंद केल्यासारखे, मरते. पेट्रोल कमी पडले तर गाडी आधी दमते, झटके देते, मग थांबते. दुसऱ्या प्रकाराची ठळक खूण घाटात दिसते. पंपाकडून पुरेसे पेट्रोल येत नसले तरी फ्लोट चेंबरमधल्या साठ्यावर गाडी थोडे अंतर जोमाने चढते. साठा संपला की ओढ जाते. बाजूला घेऊन थोडे थांबले की चेंबर भरतो आणि गाडी पुन्हा तेवढेच अंतर चढते. ओढ जात असतानाच चोक अर्धा ओढून पाहावा. इंजिन सावरले तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे हे जवळजवळ नक्की.

मग टाकीपासून पुढे यावे. झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे आणि टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल अडते आहे. टाकीतला गंज आणि कचरा फिल्टरमध्ये, जाळीवर किंवा जेटमध्ये बसतो. इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपाचा डायफ्रॅम कडक झाला की ओढ अपुरी पडते. एप्रिल-मेच्या उन्हात याच पंपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खुंटतो. पंपावर ओले फडके ठेवताच गाडी चालू झाली, तर कारण हेच. गेल्या काही वर्षांत पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत गेले आहे. ते टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे ढकलते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या-डायफ्रॅमना मानवत नाही. अशा गाडीत हे रबर नवे घालणे मला अत्यावश्यक वाटते.

करंटच्या बाजूला कॉइल आणि कंडेन्सर हे नेहमीचे संशयित. दोन्ही गार असताना ठीक असतात, तापल्यावर दगा देतात. त्यामुळे ठिणगी गाडी बंद पडल्या क्षणीच तपासावी लागते. जुळणारा प्लग वायरला लावून, पेट्रोलच्या वासापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून स्टार्टर मारावा. ठिणगी निळी आणि टणक हवी, पिवळी आणि लुळी नको. पॉइंट वारंवार काळे पडत असतील तर कंडेन्सर पाहावा. मात्र सर्वांत जास्त चकवते ती डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर. व्हॅक्यूम अॅडव्हान्स असलेल्या गाड्यांत पॉइंटांची प्लेट सतत हलते, तिच्याबरोबर ही वायर वाकते, आणि वरचे आवरण शाबूत असताना आतले तांबे तुटते. मग एका ठरावीक अॅक्सिलरेटरलाच ठिणगी जाते. वायर दोन बोटांत धरून हलके ताणली की तुटलेल्या जागी आवरण लांबते.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातली कॉइल मात्र गरम करून तपासल्याशिवाय बसवू नये.

1998 च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकासारख्या डिझेल गाड्यांत ठिणगीचा प्रश्नच नसतो. तिथे फिल्टर, त्यातले पाणी आणि नळीत शिरणारी हवा पाहतात. फिल्टरच्या पुढे हातभर पारदर्शक नळी जोडून गाडी चढावर न्यावी; बुडबुडे दिसले तर हवा त्या मागच्या जोडातून येते आहे.