साच्याचे कूळ

युनिक्स संगणकाच्या दाराशी बसून येणाऱ्याला नाव विचारणारा ‘गेटी’ हा प्रोग्राम १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच नोंदलेला असून, त्याच्या नावातील ‘टीटीवाय’ ही अक्षरे कागदावर खडखडत अक्षरे उमटविणाऱ्या टेलिटाइप यंत्राचे स्मरण आजतागायत वागवीत आहेत. प्रत्येक टर्मिनलापाशी एक गेटी बसवावा लागे. आणि सिस्टम फाइव्हच्या (१९८३) परंपरेतून लिनक्सकडे आलेल्या ‘इनिटटॅब’ नामक दप्तरात त्यासाठी बहुधा सहा ओळी असत, ज्यांत टर्मिनलाचा क्रमांक वगळता फारसा भेद नसे. त्यांतील एखादी तरतूद पालटायची, तर तोच फेरफार सहा ठिकाणी करावा लागे.

लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनी २०१० साली पुढे आणलेल्या सिस्टमडी या सेवा चालविणाऱ्या प्रणालीने ही द्विरुक्ती संपविली. छापील दाखल्यात नावापुरती जागा कोरी सोडावी, तशी सेवेच्या फाइलीत एक जागा मोकळी ठेवून फाइलीच्या नावात ‘अ‍ॅट’ चिन्ह घालण्याची युक्ती तिने रूढ केली. त्या चिन्हापुढे ‘टीटीवाय१’ लिहून हाक मारली, की तोच शब्द मजकुरातील मोकळ्या जागी जाऊन बसतो व एका साच्यातून हव्या तितक्या सेवा उभ्या राहतात.

परंतु मला या साच्याहूनही मोलाची वाटते ती त्यामागील हद्दींची वाटणी. वितरकाचे मूळ नमुने ‘यूएसआर’ या डिरेक्टरीखाली राहतात आणि स्थानिक कारभाऱ्याचा अंमल ‘ईटीसी’ या डिरेक्टरीमध्ये चालतो. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असल्यास शब्द ‘ईटीसी’चा मानला जातो. मूळ नमुन्यात खाडाखोड केली, तर पुढल्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाते. उलट, त्याची संपूर्ण नक्कल ‘ईटीसी’त ठेवली, तर वितरकाने मागाहून केलेल्या दुरुस्त्या त्या नकलेआड दडून राहतात, आणि हा दुसरा दोष लवकर ध्यानात येत नाही म्हणून अधिक घातक होय. यास्तव साच्याच्या नावापुढे ‘डॉट डी’ जोडून केलेल्या डिरेक्टरीत, पालटायच्या तेवढ्याच ओळींची पुरवणी ठेवावी: साच्याच्या नावे ठेवलेली सर्व सेवांना लागू पडते, ‘टीटीवाय१’ घातलेल्या नावाने ठेवलेली त्या एकीलाच. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ ही आज्ञा ती जागा स्वतःच निर्माण करते. हाताने लिहिले असल्यास मात्र ‘डेमन-रीलोड’ केल्यावाचून नवा मजकूर वाचला जात नाही.

जुन्या सहा ओळी आता उरल्या नाहीत. पण आपोआप उघडायच्या टर्मिनलांची पूर्वनियोजित संख्या सिस्टमडीत आजही सहाच आहे.