कावळा शिवला, म्हणजे नक्की काय सिद्ध झालं?

आमच्या मुदखेडकडे घरातलं कुणी गेलं की दहाव्याला बरेच जण नांदेडला गोदावरीकाठी जातात. पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. लगेच शिवला तर आत्मा तृप्त. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो, "धाकटीचं लग्न आम्ही करू", "आईला अंतर देणार नाही". तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही कधीच फेल न होणारी टेस्ट आहे :-) आणि जी टेस्ट फेल होऊच शकत नाही, ती पास झाली म्हणून काहीच कळत नाही.

ही शंका काही आजची नाही. 14 व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकांचा युक्तिवाद दिलाय. इथे वाढलेलं अन्न जर मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला द्यायची? घरीच त्याच्या नावानं वाढा की! गुरू नानकांची हरिद्वारची कथाही याच वळणाची. लोक पितरांसाठी पूर्वेला पाणी सोडत होते, नानक पश्चिमेला उडवू लागले. का, तर म्हणे पंजाबातल्या शेताला देतोय.

लॉजिक बिनतोड आहे. तरीही श्राद्धं थांबली नाहीत. कारण पिंडापुढे उभा असलेला माणूस हिशोब मांडत नसतो, त्याचं माणूस गेलेलं असतं.

आता आपल्या मराठवाड्यातलीच पैठणची गोष्ट घ्या. एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला. त्याच्या वासानं भुकेजलेल्या एका अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला नाथांनी तो सगळा वाढून टाकला. नवा स्वयंपाक केला, पण ब्राह्मण जेवायला येईनात. शेवटी खुद्द पितरच येऊन जेवले! महिपतींनी ही कथा 1774 च्या 'भक्तलीलामृता'त सांगितली आहे. नाथ गेले 1599 मध्ये, म्हणजे मधे 175 वर्षं. त्यामुळे पितर आले होते याचा पुरावा म्हणून ती चालणार नाही. पण भुकेल्याला आधी वाढलं तर पितर रागावत नाहीत, असं सांगावंसं वाटणारी श्रद्धाळू माणसं 18 व्या शतकात होती, याचा पुरावा म्हणून नक्की चालेल.

गंमत बघा, ब्राह्मण आणि नाथ दोघंही पितरांच्याच वतीनं बोलतायत. मेलेला माणूस साक्षीला येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कोण बोलणार यालाच सगळं महत्त्व येतं.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, तो या मक्तेदारीवरच बोट ठेवत. विधी करायचे, पण भटजीची मध्यस्थी नको. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले, तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून वाद झाला. दत्तक मुलगा यशवंतच्या हक्काला भाऊबंदांचा विरोध. सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवं धरलं. दुःख होतंच, निरोपही दिला. पण हक्क कुणाचा, हे ठरवायला त्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या नाहीत.

आमचे आजोबा गेले तेव्हा तेराव्याच्या पंगतीसाठी काकांनी व्याजानं पैसे काढायचं ठरवलं. मी म्हटलं, "काका, घरच्यापुरतं करू ना." यावर एकच उत्तर आलं, "त्यांच्या आत्म्याला शांती मिळाली पाहिजे." विषय संपला. या वाक्यापुढे कुणाला बोलताच येत नाही, बोललं तर तुमचं आजोबांवर प्रेमच नव्हतं असं ठरतं. पंगत उठली. व्याज मात्र काकांनी पुढची दोन वर्षं कापसाच्या पैशातून फेडलं.

काकांचं दुःख खरंच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण दुःख कितीही खरं असलं तरी त्यातून मेल्यावर काय होतं याची माहिती मिळत नाही. आणि ज्याची माहितीच नाही, त्याच्या नावावर जिवंत माणसाच्या डोक्यावर कर्ज कसं चढवायचं? त्यापेक्षा पिंडापुढे दिलेले शब्द बघावेत. धाकटीचं लग्न झालं का, आईला कुणी विचारतं का, हे वर्षभरानं घरी जाऊन सहज बघता येतं.

तुमच्याकडे काय करतात?