आजारी मासा आणि रोगाचे घड्याळ

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मासा आजारी पडला की पहिला फोन दुकानात जातो. ‘अंगावर ठिपके आलेत, काय टाकू?’ मीही हेच विचारले होते. दुकानदार म्हणाला, हीटर ३० अंशांवर न्या, ही बाटली टाका, चार दिवसांत साफ. चार दिवसांत ठिपके खरोखर गेले आणि मी त्या बाटलीचे गुण गात फिरलो. तेराव्या दिवशी ठिपके परत आले, या खेपेस मोजता येणार नाहीत इतके. बाटलीने काही केलेच नव्हते. ठिपके त्यांच्या वेळेला जाणारच होते, ते गेले.

तेव्हापासून माझ्या लेखी ‘काय टाकू’ हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, हे किती वेळात झाले? दुसरा, किती माशांना झाले? समुद्री माशांच्या रोगांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की नुसत्या रंगरूपावरून निदान करू जावे तर फसगत ठरलेली. रोगाची चाल मात्र सहसा फसवत नाही. काही दुखणी तासांत मारतात, काही दिवसांत, काही हप्त्याहप्त्याने.

तासांचा हिशेब

सकाळी सगळे ठीक होते आणि संध्याकाळी सगळेच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर परजीवी शोधत बसू नये. परजीवीला वाढायला दिवस लागतात, पाण्याला बिघडायला लागत नाहीत. अशा वेळी संशय दोघांवर: प्राणवायू आणि अमोनिया.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २६ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. तापमान चढले की तोही घटतो. मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास वीज जाते, पंप थांबतात, खोली तापते, आणि मोठे मासे आधी गळतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप औषधांच्या कपाटातल्या कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त जीव वाचवतो. मासे रोज पहाटेच धापा टाकत असतील आणि दिवे लागल्यावर सावरत असतील, तरीही प्राणवायूच पाहावा. रात्री टँकमधले शेवाळही श्वास घेते, प्राणवायू बनवत नाही.

अमोनियाचे विष पीएचवर अवलंबून असते. समुद्री टँकचा पीएच ८.२च्या आसपास असल्याने तेवढाच अमोनिया ७ पीएचच्या गोड्या टँकपेक्षा दहापटीच्या आसपास घातक ठरतो. नवा टँक, मेलेला मासा दगडामागे राहून जाणे, फिल्टर नळाच्या पाण्याने खंगाळणे ही त्याची नेहमीची कारणे. उपाय साधा आहे: तापमान आणि खारटपणा जुळवलेले पाणी घालून निम्म्यापर्यंत पाणी बदलणे. याच जातीची एक संथ चूक म्हणजे आटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी भरणे. उडून जाते ते पाणी, मीठ नाही. त्यामुळे भर गोड्या पाण्याचीच घालायची, नाहीतर विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून नकळत चढत जाते.

म्हणून माझा नियम असा की टेस्ट किट आणि रिफ्रॅक्टोमीटर काढल्याशिवाय औषधाच्या बाटलीला हात लावायचा नाही.

श्वास मोजणे

पाणी निर्दोष निघाले की मग मासा पाहायचा, आणि त्यातही कातडीच्या आधी कल्ले. मोबाइलवर पंधरा सेकंदांचे चित्रण करावे, कल्ल्याचे झाकण किती वेळा उघडले ते मोजून चारने गुणावे. येणारा आकडा एकटा निरुपयोगी असतो, कारण प्रत्येक जातीचा वेग वेगळा. तो माशाच्या निरोगी दिवसातल्या आकड्याशी ताडायचा. ती नोंद आजारपणात करता येत नाही; मासा धडधाकट असताना, खाणे घालण्याआधी, रोज एकाच वेळी घेतलेली हवी. आमच्याकडे ती टँकच्या स्टँडच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर असते. घरातले त्याला माशांचे प्रगतिपुस्तक म्हणतात.

श्वास वाढला पण अंगावर काहीच नाही, ही अवस्था सर्वांत धोक्याची. मासा फिल्टरच्या धारेत तोंड खुपसून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणे सोडतो. ही मरीन व्हेल्वेटची चाल आहे. कारण अ‍ॅमिलूडिनियम ओसेलेटम हा एकपेशीय जीव. तो आधी कल्ल्यांवर मुळांसारखे धागे रोवतो, म्हणून कातडी स्वच्छ असतानाच मासा गुदमरायला लागतो. खाऊन फुगला की गळून पडतो, त्याचे कवच बनते आणि एका कवचातून २५६ पर्यंत नवे जीव बाहेर पडू शकतात. हे चक्र काही दिवसांतच पुरे होते. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारली तर अंगावर चाळणीतून पीठ भुरभुरवल्यासारखी पिवळसर झाक दिसते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग रव्यासारखा, व्हेल्वेट पिठासारखा. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही. पण पीठ दिसेपर्यंत थांबणे परवडत नाही. श्वास चढला, खाणे सुटले, धारेत उभा राहिला, इतक्यावरच उपचार सुरू करावा.

क्लाउनफिशच्या बाबतीत आणखी एक वैरी आहे, ब्रुकलिनेला हॉस्टिलिस. दुधाच्या सायीसारखा जाड चिकट थर अंगावरून सुटू लागतो. हा जीव एकाचे दोन असा थेट फुटतो, कवचाची पायरी मध्ये नाहीच, म्हणून वेग भयंकर. तांबे यावर भरवशाचे नाही. इथे फॉर्मॅलिनचा अल्पकाळाचा स्नानोपचार लागतो. फॉर्मॅलिन प्राणवायू घटवते आणि माणसालाही घातक आहे, तेव्हा हातमोजे, उघडी खिडकी आणि जोरात चालणारा एअर स्टोन हवाच.

क्रोमिसच्या अंगावर तांबडे, खोल जाणारे व्रण दिसले तर युरोनिमा मरिनमचा संशय घ्यावा. यातून फार मासे वाचत नाहीत. डोळ्यांचे गणित त्या मानाने सोपे. एकच डोळा सुजला किंवा गढूळ झाला तर बहुधा मार लागला आहे, दोन्ही झाले तर पाणी किंवा अंतर्गत रोग. फुलकोबीसारख्या गाठी परांच्या कडांना आल्या आणि मासा मजेत खातो आहे, तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य विकार. त्याला औषध नाही आणि सहसा लागतही नाही.

बालदीतली तपासणी

खवल्यांवर दिसत नाहीत असे किडे, म्हणजे फ्लूक, नुसत्या नजरेला पारदर्शक असतात. त्यांना उघडे पाडायला गोड्या पाण्याची डुबकी लागते. काळ्या तळाची बालदी घ्यावी, त्यात क्लोरीन काढलेले गोडे पाणी भरून तापमान आणि पीएच टँकशी तंतोतंत जुळवावा, हवा सोडावी, आणि माशाला तीन ते पाच मिनिटे त्यात ठेवावे. समुद्री माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो, म्हणून तो ही डुबकी सोसतो. इवल्याशा फ्लूकमध्ये मात्र पाणी घुसते आणि तो पांढरा पडतो. मी एका एंजलफिशला असे धरले होते. दुसऱ्या मिनिटाला काळ्या तळावर तिळासारखे पांढरे चपटे थेंब पडू लागले, आणि ज्या माशाला मी महिनाभर ‘सुस्त स्वभावाचा’ म्हणत होतो त्याचे निदान तिथेच झाले. यावर प्राझिक्वांटेल चालते, पण अंडी त्याला दाद देत नाहीत म्हणून काही दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. डुबकीत मासा आडवा पडून शांत झाला तर लगेच काढावा.

हातावर जखम असेल तर या कामांत मोजे घालावेत. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू माणसाच्या कातडीत शिरून महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी करतो, आणि डॉक्टरांना टँकचा उल्लेख केल्याशिवाय तो सुचत नाही.

ठिपक्यांचे पंचांग

आता त्या रव्याकडे. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हे नाव ब्राउन यांनी १९५१ मध्ये दिले. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकातच हा रोग नोंदवला होता. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचा जीव वेगळा, इक्थिऑफ्थिरियस. तापमान वाढवण्याचा तोडगा त्या गोड्या रोगाचा आहे आणि खाऱ्या टँकवर उसना आणला गेला आहे.

या जीवाच्या चार अवस्था आहेत. माशाच्या कातडीत, वरच्या थराच्या आत, तो ३ ते ७ दिवस खात राहतो; आपल्याला ठिपका दिसतो तो हाच. मग तो मासा सोडतो, बहुतेक अंधारात. काही तास तळाशी सरपटून वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो आणि कवच करतो. कवचात तो फुटत राहतो: सहसा ३ ते २८ दिवस, क्वचित ७२ दिवसांपर्यंत. कवच फुटले की शेकड्याने पोहणारी पिल्ले सुटतात, पुन्हा अंधारातच, म्हणजे मासे दगडात झोपलेले असताना. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

औषध या चारांतल्या फक्त शेवटच्या अवस्थेला गाठते. ठिपका कातडीच्या आत सुरक्षित, कवच तर अभेद्य. म्हणून गोड्या पाण्याची डुबकी इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि म्हणून ‘ठिपके गेले’ याचा अर्थ एवढाच की ते माशावरून उतरून वाळूत गेले. माझी तेराव्या दिवसाची फजिती या हिशेबात नेमकी बसते.

निदानाची एक सोपी खूणही यातूनच मिळते. रोज फोटो काढून ठिपक्यांच्या जागा पाहाव्यात. चार-पाच दिवसांत जागा बदलल्या तर क्रिप्टोकॅरिऑन. तोच ठिपका त्याच परावर पंधरा दिवस बसून असेल तर दुसरे काहीतरी आहे. क्वचित एखाद्या वेळी मासा दगडाला अंग घासतो, त्यावरून घाबरू नये. आपणही पाठ खाजवतो.

आणखी एक गोष्ट चकवते. यातून वाचलेल्या माशांना काही महिने अर्धवट प्रतिकारशक्ती येते. टँक निरोगी दिसतो, रोग मात्र कल्ल्यांत मंद चालू राहतो. मग नवा मासा येतो, आठवड्यात ठिपक्यांनी भरतो, आणि आपण म्हणतो, नव्याने रोग आणला. पुष्कळदा रोग घरचाच असतो.

उपचार कुठे आणि किती दिवस

मुख्य टँकमध्ये औषध टाकू नये. तांबे गोगलगाई, कोळंब्या, खेकड्यांना मारते, आणि चुन्याचा दगड ते शोषून मात्रेचा हिशेब बिघडवतो. आपल्याकडे प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे बरेच टँक फक्त माशांचे असतात. ‘आमच्यात कोरल नाही, मग तांबे टाकायला काय हरकत’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हरकत दगडाची आहे.

हॉस्पिटल टँक म्हणजे चैन नव्हे. ६०-७० लिटरची उघडी काच, हीटर, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, आणि लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो. वाळू नाही, दगड नाही, कार्बन नाही. त्यात रोज अमोनिया मोजायचा, कारण इथे मासे रोगापेक्षा अमोनियाने जास्त मरतात असे माझे निरीक्षण आहे. अमोनिया निकामी करणारी काही द्रव्ये तांब्याबरोबर विषारी होतात. बाटलीवरचे वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र टाकू नयेत.

आयनी तांब्याची उपयुक्त मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. याहून कमी झाले तर परजीवी हसतात, बरेच जास्त झाले तर मासा जातो. बांधलेल्या स्वरूपातल्या तांब्याचे आकडे वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याची मात्रा उसनी घेऊ नये. आकडा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवून रोज मोजत ३० दिवस टिकवायचा. हाच उपचार व्हेल्वेटलाही लागू पडतो.

तांबे नको असेल तर क्रिप्टोकॅरिऑनसाठी आणखी दोन वाटा आहेत. एक, खारटपणा उतरवून विशिष्ट गुरुत्व १.००९ वर काही आठवडे ठेवणे. रिफ्रॅक्टोमीटर अचूक हवा, काटा हलणारा हायड्रोमीटर चालत नाही. व्हेल्वेटला याने काहीच होत नाही, म्हणून निदान पक्के नसताना ही वाट धरू नये. दुसरी वाट मला सर्वांत आवडते, कारण तीत औषधच नाही: दर ७२ तासांनी मासा पूर्ण कोरडा करून नव्याने भरलेल्या, स्वच्छ टँकमध्ये हलवायचा, १२ दिवसांत चार वेळा. गळालेल्या जीवाचे कवच फुटण्याआधीच मासा तिथून निघालेला असतो. जाळे, एल्बो, पाणी, काहीही सोबत न्यायचे नाही.

मुख्य टँक या काळात माशांविना चालू ठेवायचा. ७२ दिवसांच्या त्या नोंदीवरून ७६ दिवसांचा रिवाज पडला आहे. गोगलगाई आणि खेकडे तिथेच राहू द्यावेत, त्यांना अधूनमधून खाणे घालावे; त्यांना हा रोग होत नाही. मोजणी शेवटचा मासा बाहेर निघाल्या दिवसापासून सुरू होते. माझी सुरू झाली तेव्हा एक गोबी सापडला नव्हता, मेला असेल असे धरून मी कॅलेंडरवर खुणा करत गेलो. सत्तावन्नाव्या रात्री खेकड्यांसाठी टॉर्च मारली तर मागच्या दगडाच्या बिळातून गोबीचे तोंड बाहेर होते. दुसऱ्या दिवशी सगळे दगड उपसून त्याला पकडले आणि कॅलेंडरवर पुन्हा १ लिहिले.