उन्हाळ्यात उजनीचा मासा नेमका जातो कुठे?

उन्हाळा लागला की उजनीच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे मायनस. ऐकणाऱ्याला वाटतं, धरण आटलं. प्रत्यक्षात उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. पाणी त्याच्याखाली उतरलं की टक्केवारी वजा दाखवतात. म्हणजे पाणी असतं आणि मासेही असतात. फक्त काठ बराच आत सरकतो, जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडू लागतं आणि पावसाळ्यानंतरची गळ टाकायची जागा कोरडी ठाक होते.

मग मासा शोधायचा कुठे? 'ऊन वाढलं की मासा खोल जातो' हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धंच खरं आहे.

गारवा की श्वास?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते.

खोल जागी वरचं गरम, हलकं पाणी आणि खालचं गार, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाशी पडलेला पाला, शेवाळ, घाण कुजताना तिथला ऑक्सिजन संपत जातो. उजनीत पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून येऊन मिळतं, त्यामुळे शेवाळाला खाऊची कमतरता नाही. म्हणजे सगळ्यात गार पाणी तेच सगळ्यात गुदमरवणारं असू शकतं. मासा वरच्या उन्हाला आणि खालच्या घुसमटीला टाळत मधल्या थरात राहतो. म्हणून गळ थेट तळाला सोडू नका. तरंगा आधी निम्म्या खोलीवर बांधा, तिथून वर-खाली करून बघा.

पहाटे ४ ला जाऊन उपयोग आहे का?

पाणी स्वच्छ असेल तर आहे. हिरवंगार असेल तर फारसा नाही. शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं, पण रात्री तेही श्वासच घेतं. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर ते खायला आलेले नसतात, त्यांना श्वास पुरत नसतो. कितीही चांगलं आमिष लावा, ओढ येणार नाही. हिरव्या पाण्यात सूर्योदयानंतर तास-दोन तास थांबलेलं बरं. नाहीतर ऊन कलल्यावर, संध्याकाळी.

वारा ज्या काठावर आदळतो, तो काठ निवडा. लाटांमुळे हवा पाण्यात मिसळते आणि सूक्ष्म जीवही तिकडेच ढकलले जातात. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेचा काठ. पण तिथे शेवाळाची जाड साय साठून वास मारत असेल तर सरळ जागा बदला.

कोणता मासा कुठे?

उजनीची ओळख म्हणजे चिलापी. हा मासा गरम, उथळ पाण्यात खूश असतो. काठालगत ताटासारखे गोल खड्डे दिसले तर ती नराने उकरलेली घरटी समजा. लहान गळ, बारीक दोरी आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी पुरते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पण तळ घुसमटलेला असेल तर मृगळही उथळ भागाकडे सरकतो. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे गवताळ, साचलेल्या पाण्यातही टिकते. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर खाली राखणीला मोठी मरळ असते. ती पकडली तर पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात, तेव्हा सोडून द्या.

जाण्यापूर्वी परवानगी विचारा. अनेक तलावांचा ठेका मच्छीमार संस्थांकडे असतो. पाणी कमी झालं की मासे थोड्या जागेत कोंडतात आणि बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लंही जातात. रोहू, कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात गेलेलं पिल्लू तलावात आपोआप भरून निघत नाही, बीज सोडावं लागतं.

मासा न मिळण्यापेक्षा मोठा धोका काठावरच असतो. नुकताच उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसतो, पण आत पाय कमरेपर्यंत रुततो. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या विहिरीही तिथेच आहेत. आणि दुपारनंतर वळवाचा वारा क्षणात सुटतो. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आभाळ पश्चिमेला काळं दिसलं की होडी आधी काठाला लावा आणि जवळ लाईफ जॅकेट नसेल तर होडीत चढूच नका.